काजळीवरचा क्रॉस

मटन स्ट्रीटवर त्याला बर्माचं हेल्मेट म्हणाले.
बर्मा म्हटलं की भाव दुप्पट होतो.
इझाबेलबाईंनी ते विकलं नाही, मासळीच्या पिशवीत घालून
माथारपाखाडीतून चालत माझ्याकडे आणलं.
कुणीतरी सांगितलं असणार,
तो म्हातारा गोदीत छत्तीस वर्षं रंग तपासायचा,
पत्र्याचं वय सांगतो.

पत्र्याचं नाही. रंगाचं सांगतो, तेही जमलं तर.

आधी मी ते उलटं केलं.
लोक वरचा क्रॉस बघत बसतात आणि तिथेच फसतात.
कडेच्या आत, गंजाखाली, नखाला आकडे लागले:
एक, नऊ, चार,
पुढचा दोन असेल किंवा तीन.
बाई म्हणाल्या, तीन धरा.
मी काहीच धरलं नाही.
आतलं मेणकापड पापडासारखं तडकलेलं,
त्याला वास खोबरेलाचा, म्हणजे डोक्याचा.

मग भिंग.
कानाच्या वर एक टवका उडाला होता, बरं झालं,
अख्खा रंग कुणाला काही सांगत नाही.
तळाशी खाकी-हिरवा, कारखान्याचा,
चकाकू नये म्हणून रेती मिसळलेला.
त्याच्यावर काळा थर.
रंग नव्हे तो. धूळही नव्हे.
धूळ ब्रशाबरोबर वाहून जाते,
ही तेलकट, जागच्या जागी बसलेली
काजळी.
काजळीवर पांढरा, जाडजूड, ब्रशाचे तीन केस अजून आत.
पांढऱ्यावर क्रॉस.

आणि क्रॉस लाल नाही, शेंदरी आहे.
हा डबा मी ओळखतो.
जहाजाच्या पोटाला, पाण्याखाली जाणाऱ्या भागाला
आम्ही हाच फासायचो, कोपरापर्यंत हात माखायचे,
सही करताना पगाराच्या वहीवर ठसे उठायचे.
पलटणीच्या डॉक्टरला असला रंग कोण देईल?
शिवाय पांढरा ओला असतानाच वर ओढलाय.
कडा बघा. गुलाबी झाल्यात.
वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

"चव्वेचाळीसचा स्फोट?" बाईंनी हळूच विचारलं.
काजळीला तारीख नसते, मी म्हटलं.
तरी आम्ही दोघांनीही खिडकीतून
गोदीच्या बाजूला पाहिलं.
तिकडे आता फक्त एक क्रेन होती, आणि तीही बंद.

"आमचे पास्कलपापा स्ट्रेचर उचलायचे तेव्हा.
घरात सगळे असंच सांगतात."
मी आतला शिक्का वाचला: साडेसहा.
लहान माप आहे, बाई.
"पापांचं डोकं तर एवढं! लग्नाची हॅट
मागून उसवून घालावी लागली होती."
मग मी पट्टा दाखवला.
दोन इंच कापून आखूड केलेला,
काळा दोरा, बारीक टाके, गाठ आतून लपवलेली.

त्यांनी चष्मा काढला.
टाक्यांवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून,
मळलेल्या कणकेवरून फिरवावं तसं.
"उर्सुलामाय," त्या म्हणाल्या,
"पण ती तर दवाखान्यात चादरी धुवायची."
थोड्या वेळानं पुन्हा,
"धुवायची," पण या वेळी
शब्द जरा वर गेला, प्रश्नासारखा.

माझं काम इथे संपतं.
टाक्यांचं मला कळत नाही.
मी माझ्या वहीत लिहिलं ते एवढंच:
टोप बेचाळीस किंवा त्रेचाळीस.
क्रॉस नंतरचा, आगीनंतर, गोदीतल्या रंगाचा.
हात घाईचा, पण उभी रेघ सरळ.
मालक: जागा कोरी सोडली.

फी विचारली. चहाचे द्या म्हटलं.
पिशवीत घालताना त्यांनी खाली पदर अंथरला.
जिन्यावरून मी ओरडून सांगितलं,
घासू नका हां, रॉकेलनं तर नाहीच,
आणि चकाकी आणायला कुणी आला
तर दार उघडू नका.
कोरडं फडकं चालेल.
तेही काळ्याला लावू नका.