दुसरं गेट

पिशवीत दोन लंगोट, एक जादा झबलं,
मापाला कुकरचं जुनं गास्केट,
दवाखान्याचा कागद, त्याच्या झेरॉक्स तीन,
आणि पाण्याची बाटली,
जी घर जवळ आल्याशिवाय उघडायची नाही.

हा गोव्याला, शिफ्टवर. सासूबाईंचा गुडघा.
तर मी आणि ही.

खडेबाजारात दुकानदार म्हणाला, तीन लिटरचं का पाच?
मी जुनं पुढं केलं. हिनं मधेच धरलं,
तोंडात घातलं, सोडेना.
पाच महिन्यांच्या मुठीतून रबर काढायला
दोन मोठी माणसं लागली.
मग त्यानं पाच रुपये कमी घेतले,
मी काही बोलले नसताना.

जन्माची आणि मृत्यूची खिडकी एकच.
पुढं एक गृहस्थ, आईचा दाखला न्यायला आलेले.
हिच्याकडं बघितलं, बाजूला झाले.
"तुम्ही व्हा पुढं. माझं काय, आता कुठली घाई."

होसमनी बाई पेन उचलून थांबल्या.
"ओवी. ओ आखूड का लांब?"
"आमच्यात ओ एकच."
"कन्नडात दोन हाय की, बाई."
मी चंदगडकडची. इथं येऊन तीन वर्षं झाली,
बस अजून आकड्यांवरून ओळखते.
नाव ठेवताना पत्रिका बघितली, आत्याला विचारलं,
खरं ओ मोजून घ्यायचा, हे कुणी सांगितलंच नाही.
तेवढ्यात हिला भूक लागली
आणि हिनं तोंड उघडलं.
बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं,
मान हलवली,
लांब काढला.

जिन्याखाली, भिंतीकडं तोंड करून, पाजलं.

बाटली न उघडून तसा काही उपयोग झाला नाही.
सुलभच्या बाहेर मी उभी.
आत मूल ठेवायला जागा नाही,
पिशवी टांगायला खिळा नाही.
मेथीवाली बघत होती.
"कोड्री इल्ली," म्हणाली. "होगी बर्री."
दिली.
आत, अंधारात, दोन्ही हात मोकळे,
आणि कंबर आपली डुलतेच आहे,
एकदा इकडं, एकदा तिकडं.
तिचं नाव विचारलं नाही, हे तिथं आठवलं.
कडी लागत नव्हती, ती ओढून धरली,
आणि जेवढं लवकर होईल तेवढं लवकर.

बाहेर आले तर ही तराजूत,
मेथीची काडी धरून, राणीसारखी.
"आरू किलो मुन्नूरू," बाई म्हणाली,
आणि मग माझ्यासाठी मराठीत,
"अंगडं काढलं तर शंभर कमी धर."
दोन पेंड्या घेतल्या.
नाव विचारायचं परत राहिलं.

दुसरं गेट बंद.
स्कूटर, टेम्पो, उसाचा ट्रॅक्टर,
एकेकानं इंजिन बंद केलं.
ही झोपलेली, तोंड उघडं,
आवाज नसलेला ओ.
एवढे रूळ ओलांडले की घर.
बाटली काढली, घटाघटा सगळी संपवली.
मालगाडी आली.
चाळीसपर्यंत डबे मोजले,
आणि ती मधेच थांबली.