धुराचा रकाना

अकितात मुळे उपटायचे ते पहिलं बर्फ पडायच्या आत.
हिसानो वाकते, पाल्याला मूठ घालते
आणि जमिनीखालच्या कुणाशी तरी
हात मिळवल्यासारखी मागे रेलते.
माती थोडा विचार करते. मग सोडते.

हातभर लांब, गुळगुळीत, मानेपाशी हिरवट,
ढगाळ दिवशी शेतापेक्षा उजळ.
सोसायटीच्या खोक्यात सरळच लागतात;
वाकडा चालत नाही, भेगाळलेला चालत नाही,
दोन पाय फुटलेला तर मुळीच नाही.

यंदा एक निघाला तो पायावर पाय टाकून बसलेला.
यासुए हसून हसून बांधावरच टेकली.
"माझे पाय बघून सासरे हेच म्हणाले होते. मुळा."
"मग?"
"मग काय, चाळीस वर्षं त्याच पायांनी
त्यांच्या खाचरातला चिखल तुडवला."

तो कापडात गुंडाळून वेगळा ठेवला.
डिसेंबरच्या नऊ तारखेला, रात्री,
दाइकोकू देवाला असाच मुळा लागतो,
नवरी म्हणून.
देवाला सोसायटीचे नियम कुणी कळवलेले नाहीत.

बाकीची मंडळी घरामागे.
अळकुड्या: केसाळ, अंगावर वळी, हाताला खाज;
उकडून चिमटीत धरल्या की कातडं टाकून
सुळकन पळतात, एखादी थेट चुलीखाली.
नदीकाठी, मोठ्या पातेल्यात, मिसो घालून
अख्ख्या आळीनं मिळून खायच्या.
गोबो म्हणजे कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची काडी.
सोलायचा नाही, सुरीच्या पाठीनं नुसता खरवडायचा,
पेन्सिलीला टोक काढतात तसा पाण्यात छिलायचा.
पाणी चहासारखं होतं.
चव सगळी पाण्यातच गेली, असं हिसानोचा नवरा म्हणायचा
आणि ताटली पुसून संपवायचा.
कमळकाकडीची चकती आधी डोळ्याला लावायची.
पलीकडे बहुतेक वेळा
स्वयंपाकघराची भिंतच दिसते.

मुळ्यांना मात्र वर जावं लागतं.
एका दोरीत बारा, एकाखाली एक,
खोपटाच्या आढ्याला.
खाली ओक, थोडं चेरीचं लाकूड. जाळ नको, धग हवी.
चार रात्री, कधी पाच. दोनला उठायचं, चारला उठायचं,
ओंडका सरकवायचा, डोळे पुसायचे.
पाचव्या सकाळी ते खाली उतरतात
बारीक, तपकिरी, अंगाला वास घेऊन,
हिवाळाभर तोक्योत बांधकामावर गेलेले बाप्ये
परतायचे तसे; ओळखायला क्षणभर लागतो.
मग पिंप, मीठ, तांदळाचा कोंडा,
वर सासूनं नदीतून आणलेला दगड.

त्या आठवड्यात आरोग्य खात्याचा मुलगा आला. कुदो.
बूट बाहेर नीट जोडून ठेवले.
त्याच्या फॉर्मवर पाण्याचा रकाना होता,
मिठाचा, तापमानाचा, भिंत धुता येते का त्याचा.
"आणि धूर?" हिसानोनं विचारलं. "तो कुठे लिहिणार?"
त्यानं पान उलटलं. परत उलटलं.
तिनं गेल्या सालच्या मुळ्याची चकती पुढे केली.
कुडुम्.
खोपटात दुसरा आवाज नव्हता.
तोंडात घास असेतो त्याला बोलता येईना
आणि त्यालाही काही घाई नव्हती.
मग म्हणाला, "आजी, दुसरं सिंक लागेल.
कोपरानं उघडायच्या नळाचं.
नाहीतर पुढल्या वर्षी विकता येणार नाही."

तो गेल्यावर यासुए म्हणाली, "मी तर सोडतेच गं आता.
गुडघेसुद्धा..." आणि पुढे काही बोलली नाही.

हिसानोनं एक रिकामी दोरी घेतली,
भिंतीला लावून बघितली.
अडीच मुळे रुंद. दीड मुळा खोल.
तिथं सध्या गोबोची टोपली आहे
आणि टोपलीखाली, कितीही झाडलं तरी, माती.

मग तिनं कोपर वर केलं
आणि हवेतला एक नळ उघडला.
बंद केला. परत उघडला.

आत ओंडका कूस बदलून खाली बसला.
धग बघायला हवी होती.