धूळ म्हणून पुसलेलं

ह्मायाकचं गोदाम विकलं गेलं त्या आठवड्यात
ग्युम्रीत उणे एकोणीस होतं.
रद्दीवाल्याने विचारलं, वजनावर की नगावर?
वजनावर, ह्मायाक म्हणाला,
नगावर मोजलं तर मला नावं आठवतील.

मग येरेवानहून वाहाग्न आला, सव्वीस वर्षांचा,
पायात उन्हाळी बूट.
फळ्यावर त्याने बाण काढले:
स्कॅन, मग ई-बुक, मग मागणीनुसार छपाई.
एक प्रत विकली गेली की एक प्रत छापायची.
"म्हणजे पाहुणा दारात आल्यावर पीठ मळायला घ्यायचं."
"हो. पण पीठ वाया जात नाही."
ह्मायाक गप्प झाला.
पाच टन पीठ त्याने नुकतंच ट्रकमध्ये चढवलं होतं.

मी शोघाकात. एकतीस वर्षं इथली मुद्रितं तपासली.
माझ्या हुद्द्याला आता मेटाडेटा म्हणतात.
पगार तोच. खुर्ची तेवढी बदलली, ही फिरते.

तीनशे बारा पुस्तकं यंत्राने अकरा रात्रींत वाचली.
कानामात्रेचाही फरक नाही, वाहाग्न म्हणाला.
मी एक कादंबरी उघडली. पान चाळीस:
"तू परत येशील."
इतकी खात्री त्या बाईला कधीच नव्हती.
मी ओळखते तिला,
दोनशे पानं तिने विचारण्यातच घालवली.

आमच्या लिपीत प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी थांबत नाही.
ज्या शब्दाबद्दल शंका, त्याच्याच स्वरावर जाऊन बसतं,
वाऱ्याने तिरकी झालेली टोपी जशी.
यंत्राला सांगितलं होतं, डाग काढ.
त्याने काढले.
चाळीस वर्षांचे सगळे प्रश्न
इमानाने झाडून टाकले.

शाळेच्या वाचनमालेत: "नदी कुठे जाते."
पाककृतींत: "मीठ पुरेसं आहे."
आणि भूकंपाच्या साक्षींचं ते राखाडी पुस्तक,
ह्मायाकने बायकोच्या बांगड्या मोडून काढलेलं,
त्यात एक माणूस दगडांच्या ढिगावर ओणवा होऊन हाक देतो:
"आत कुणी आहे."

मी चष्मा काढला.
खिडकीबाहेर बर्फ ओढणारी गाडी गेली, आली, पुन्हा गेली.
संध्याकाळपर्यंत त्या ओळीला हात लावला नाही.
एक रात्र असू दे, असं वाटलं.
आत कुणी आहे.
सकाळी चिन्ह जागेवर ठेवलं.
त्याने विचारलं होतं. उत्तर देणारी मी कोण.

वाहाग्नने चाळणी सैल केली, तर भलतंच.
कॉफीचा शिंतोडा, चिरडलेलं चिलट, जो तो प्रश्न झाला.
"राजा मेला?"
"दोन आणि दोन चार?"
आणि एका प्रस्तावनेत खुद्द ह्मायाकचा बाप:
"हे पुस्तक वाचकांना आवडेल?"
ह्मायाक खोकला येईपर्यंत हसला.
"हीच शंका होती म्हाताऱ्याला. जन्मभर छापली नाही त्याने."

शेवटी ठरलं, यंत्र पुढे, मागून मी.
पानाला तीन मिनिटं. कधी अर्धा तास.
वाहाग्नने दोन बाणांच्या मधे माझं नाव लिहिलं,
एक अक्षर चुकवून.
मी उठून दुरुस्त केलं.

मार्चमध्ये पहिला हिशेब आला.
एकूण विक्री चौदा.
ग्लेंडेल आठ, मार्से पाच,
मॉन्टेव्हिडिओ एक, राखाडी पुस्तक.
ह्मायाकने कागद दिव्याजवळ नेला.
"मॉन्टेव्हिडिओत आपलं कोण आहे?"
वाहाग्न लॅपटॉप उघडू लागला,
ईमेल असेल, काढता येईल.
"नको," ह्मायाक म्हणाला,
"मी नुसतं विचारलं."