मुळांपासून

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात त्बिलिसीत लाईट आली
की अख्खी इमारत ओरडायची, "आली!"
पाचव्या मजल्यावरून खाली, तळमजल्यावरून वर,
सासरहून कुणाची लेक आल्यासारखी.
आली ती किती वेळ थांबणार, कुणी सांगायचं नाही.
कधी दीड तास.
कधी इस्त्री तापेपर्यंत.

म्हणून मी केस आधीच धुवून बसायचे,
पत्ते पिसून बसावं तशी.
खांद्याखाली चार बोटं, दाट,
आईच्या वळणाचे,
पाणी धरून ठेवणारे, ती जसा राग धरायची.

जिन्यात चालू ड्रायर एकच.
पूर्व जर्मनीतला, नारिंगी, वायरीला चिकटपट्टी.
मालकीण नाझिब्रोला, दुसरा मजला,
भूगोलाची बाई, पगार सात महिने नाही.
तिच्याकडे वही होती: आज लमारा, उद्या एकोणिसावा फ्लॅट,
गुरुवारी मी.

गुरुवारी चार वाजता मुलाखत.
परदेशी मदतकचेरीत दुभाष्याची जागा, पगार डॉलरमध्ये.
दोन वाजून दहा मिनिटांनी आली.
मी ड्रायर घेऊन तीन जिने चढले,
आरशासमोर बसले, आणि शहाणीने
टोकं वाळवायला घेतली,
कारण आरशात टोकंच दिसतात.

सहा मिनिटं.
मग ड्रायरने एक उसासा टाकला
आणि सगळा रस्ता एका सुरात, "गेली."

नाझिब्रोला मेणबत्ती घेऊन आली, दार न वाजवता.
डोक्यात बोटं खुपसून म्हणाली,
"गाढवे, टोकांपासून कुणी सुरू करतं?
मुळं वाळव. टोकं आपली आपण वाळतात."
माझा टॉवेल तिने कोपऱ्यात फेकला.
काखेतून नवऱ्याचं बनियन काढलं,
धुऊन धुऊन कांद्याच्या पातीइतकं पातळ झालेलं.
"चोळायचं नाही. टिपायचं.
रडणाऱ्या पोराचं तोंड टिपतात तसं."

केसांचे चार भाग केले.
एकेक बट बनियनात धरून दाबत गेली, मुळाकडून खाली,
पाणी तिच्या मनगटावरून बाहीत.
मग मला वाकवलं, मान खाली, केस पुढे,
रॉकेलच्या स्टोव्हपासून हातभर लांब
(लमाराने हातभर न मोजता बट जाळली होती),
आणि शाळेचा मोठा अ‍ॅटलास उघडून वारा घालायला लागली.

उलट्या डोळ्यांनी मी बघत होते:
पानावर गुलाबी रंगाचा एक अवाढव्य देश
वर, खाली, वर, खाली.
तो देश आता नव्हता.
वारा मात्र चांगला येत होता.

साडेतीनला मी निघाले.
मुळं कोरडी, मानेवर जरा गारवा,
अंगाला रॉकेलचा वास, जो कशानेच जाईना.
कचेरीच्या बाकावर माझ्यापुढे चौघी बसल्या होत्या.
चौघींना तोच वास.
तिघींच्या कॉलरी ओल्या.
आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि
हसू दाबायला खिडकीकडे तोंडं फिरवली.

नोकरी चौथीला मिळाली.
तिचे केस आखूड होते.

आता मी थेसालोनिकीत असते, एव्हांथिया नावाच्या म्हातारीकडे.
तिला आंघोळ घालते, औषधं देते, केस वाळवते.
पांढरे, विरळ, पण लांब; कापू देत नाही.
इथला ड्रायर कुजबुजतो.
लाईट जात नाही. अकरा वर्षांत दोनदा गेली असेल,
तेही आधी पत्र पाठवून.

तरी मी आधी बनियनाने टिपते,
मग मुळांपासून सुरू करते, भराभर,
एक कान जिन्याकडे.
"घाई कसली आहे तुला?" म्हातारी विचारते,
"कोण येणार आहे?"

मी म्हणते, कुणी नाही.
आणि टोकं तशीच सोडून देते.