टिटवीचा वाफा

अंबड तहसिलीच्या आवारात
पर्जन्यमापक माझ्याकडे, बाग युनूसभाईंकडे.
मी सकाळी साडेआठला मिलिमीटर लिहितो,
ते त्याआधीच मुंग्यांची रांग बघून आलेले.

"बाबू, रात्री चंद्राला लांब खळं होतं.
लांब खळं, पाऊस जवळ."
म्हणतो, वहीत असा रकाना नाही.
"मग पाड की एक."

औंदा ज्येष्ठात टिटवीनं
त्यांच्या खुरपून ठेवलेल्या वाफ्यात, अगदी सखलात,
चार अंडी घातली.
उंचावर घातली तर बख्खळ पाणी,
खाली घातली तर...
पुढं बोलले नाहीत.
झेंडूची रोपं टोपल्यातच ठेवली,
मोसंबीच्या आळ्यात वीतभर पाचट पसरलं,
आणि साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं
ते मला पढवलं:
वाफ्याला ताण दिलाय.

आषाढ कोरडा गेला. मी शून्य, शून्य लिहीत होतो.
मग मघा. वाहन बेडूक, कॅलेंडरात छापलेलं.
पडल्या मघा, नाहीतर वरती बघा.
आम्ही दोघंही वरती बघितलं.

एका रात्रीत सदुसष्ट मिलिमीटर.
"चुकली की तुमची टिटवी," मी जरा खुशीतच.
युनूसभाई वाफ्यातला गाळ उपसत होते.
"चुकली कशानं? पिल्लं उडंपर्यंत थांबलाच की.
तिनं तिच्यापुरतं बघितलं होतं.
कान आपण लावला."

झेंडूचा दसरा हुकला. दिवाळीला आला, बुटका, गच्च.
वहीत शेवटी पेन्सिलीनं एक रेघ ओढलीय.
रकान्याला नाव अजून दिलं नाही.