कोणाच्या हातचा

डलूथ. साडेचारलाच अंधार.
उद्या शाल्मलीची शब्दांची चाचणी,
मिसेस लिंडक्विस्टनी पिवळ्या कागदावर दिलेले वीस.

डिनॉमिनेटर, ती वाचते.
छेद, मी म्हणतो, आणि पावाला सुरी लावतो.
न्यूमरेटर?
अंश.
तो तर थंडीचा असतो ना?
तोही. बाहेर उणे नऊ आहेत,
खिडकीला नाक लावून मोज.

रिमेंडर म्हणजे बाकी, हे तिला पटतं.
फोनवर आत्या विचारते तेच:
बाकी काय?

मग बेरजेच्या डोक्यावर
पेन्सिलीचा बारीक एक.
ह्याला?
हातचा.
कोणाच्या हातचा?

तिची आई रात्रपाळीला गेलीय.
ओट्यावर झाकलेला मसालेभात
अजून कोमट.
मी दोन ताटं घेतो.
वहीत तो एक तसाच वर उभा,
मिळवायचा राहिलेला.