खालची बाजू

मामंजींच्या घरात बसायला काही नव्हतं.
मसूरच्या आसपास पाभरी त्यांच्या, कुळव त्यांचे,
शाळेतले बाक तर झाडून सगळे,
आणि स्वतः बसायचे
रंगाच्या उपड्या डब्यावर.

गुडघ्यांनी डबा नाकारला तेव्हा
मी म्हटलं, बाक करते.
ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले,
"बिलाउज न्हवं त्ये."

मी शिवणकाम करणारी, गळ्यात टेप.
माप मागून देणार नाहीत, म्हणून डबाच मोजला:
तेरा इंच.
त्यावर, उठतानाच्या कण्हण्याचे चार.

लाकूड घरात होतं.
वायरीला लागतंय म्हणून बोर्डाच्या माणसांनी पाडलेलं जांभूळ,
दोन वर्षं गोठ्याच्या माळ्यावर वाळत पडलेलं.
कशासाठी ठेवलंय
ते मामंजींनी कधी सांगितलं नव्हतं.

शिंपीखडूनं आखलं.
"रेघ जाड हाय," डब्यावरून आवाज.
"रेघंच्या कुठल्या अंगानं कापणार?"
मला ठाऊक नव्हतं,
रेघेलाही अंग असतं.

कापड चुकलं तर शिवणीत दाबता येतं,
चुणी घालता येते, वरून लेस.
लाकूड काही पोटात घालत नाही.
पहिली कूस सैल झाली,
दुसरी खाचेत शिरेना.
मी हळूच खिळा उचलला.
"खिळा म्हंजी कबुली," ते म्हणाले
आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत बसले.
खिळा परत डबीत टाकला.

अकरा दिवस लागले.
तीन ब्लाउज उशिरा गेले,
शेलारांच्या नवरीचा तर हळदीच्या सकाळी.
भुसा डाळीत निघाला, मशीनच्या तेलात निघाला.
ह्यांनी कारखान्याच्या रात्रपाळीवरून येऊन
अंधारात ठेचकाळून एक शिवी दिली,
मग खाली बसून एक पाय धरून ठेवला
मी ठोकेपर्यंत.

बाक उभा राहिला.
मला वाटलं, आता बसतील.
त्यांनी तो उलटा करायला लावला.
चारी पाय वर,
मेलेल्या जनावरासारखे.
खालची बाजू मी रंधली नव्हती.
कोण बघणार तिथं?

"रंधा आण."

त्यांच्या हातांना कंप सुटून पाच वर्षं झाली.
बशी तोंडाशी जाईतो चहा अर्धा होतो.
रंधा त्या हातांत थरथरला,
लाकडावर टेकला,
आणि तरी थरथरतच राहिला.
कुठे खोल गेला, कुठे नुसता घसरला.
तांबूस छिलके पायांशी साठत गेले.
मी हात पुढे केला नाही.
शिवताना कुणी माझी सुई धरली
तर मलाही चालत नाही.

आता संध्याकाळी ते बसतात,
उसाच्या ट्रॉल्या मोजतात.
येणारेजाणारे वरच्या फळीवर हात फिरवतात.
"सुनंनं केलाय," ते सांगतात,
"एक पाय जरा मागं हाय."

ते आत गेले की मी बसते, गळ्यातला टेप काढून.
बोटं आपोआप काठाखाली जातात.
तिथं लाकूड सगळं लाटालाटांचं,
ओढ्याच्या तळच्या वाळूसारखं.

पॉलिश आणलं तेव्हा
वरून दोन हात दिले.
खाली नाही.